बार्शी लाइटवर गाणं लिहायचंय: चाळीस पानं टिपणं झाली, ओळ एकही नाही

कोरडीविहीर (धागाकर्ता)

मंडळी, थेट अडचण सांगतो. आमचं चौघांचं गाण्याबजावण्याचं टोळकं आहे. पेटी, ढोलकी, गिटार आणि मी. मी म्हणजे शब्द. दिवाळीनंतर गावात कार्यक्रम आहे आणि सगळ्यांनी मिळून माझ्या गळ्यात घातलंय की 'बार्शी लाइट'वर, म्हणजे आमच्याकडच्या जुन्या छोट्या रेल्वेवर, एक गाणं हवं. मी हौसेने हो म्हटलं आणि अभ्यासाला बसलो. तिथेच घात झाला.

आता माझ्याकडे काय आहे बघा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनियर १८८२ साली जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत नोकरीला आला. बार्शीचा कापूसबाजार मोठा, पण जीआयपीची मुख्य लाइन गावापासून लांबून गेलेली. याने तिथून बार्शीपर्यंत २ फूट ६ इंच रुंदीची छोटी लाइन टाकायचं डोक्यात घेतलं, लंडनमध्ये कंपनी काढली आणि १८९७ मध्ये गाडी सुरू झाली. १९११ मध्ये ती लातूरला पोचली, दुसऱ्या अंगाने पंढरपूर आणि पुढे १९२७ मध्ये मिरज. सगळी मिळून २०२ मैल. १ जानेवारी १९५४ ला सरकारजमा. २००८ पर्यंत लातूरची बाजू पूर्ण ब्रॉडगेज झाली.

हे सगळं मला आता झोपेत विचारलं तरी सांगता येतं. पण गाणं करायला बसलो की 'अठराशे सत्त्याण्णव साली' याच्यापुढे गाडी हलत नाही. ज्यांनी गावच्या, घराच्या, कशाच्याही इतिहासावर गाणं, पोवाडा, काहीही लिहिलंय त्यांनी सांगा, शोधायचं काय आणि सोडायचं काय?

बोरूबहाद्दर

'अठराशे सत्त्याण्णव साली, बार्शीला गाडी आली'. घ्या, झाला मुखडा. बिल पाठवू?

चिमणराव_नव्हे

लाइट कसली, आमच्या घरी तिला 'बार्शी लेट' म्हणायचे. ड्रायव्हर शेतातून हरभऱ्याचे ढाळे उपटून आणायचा आणि गाडी त्याच्यासाठी थांबायची. लोक पुढच्या डब्यातून उतरायचे, आडोशाला जाऊन यायचे आणि मागच्या डब्यात चढायचे. हे टाक गाण्यात. लोक हसतील, निम्मं काम तिथेच होईल.

सप्रमाण

चिमणराव, हीच गोष्ट मी माथेरानच्या गाडीबद्दल ऐकलीय, विदर्भातल्या शकुंतला गाडीबद्दल ऐकलीय आणि गुजरातमधल्या नॅरोगेजबद्दलही ऐकलीय. हरभऱ्याच्या जागी कुठे बोरं, कुठे ऊस, एवढाच फरक. कोणी स्वतः उतरलेला माणूस भेटला का? नेहमी 'आमचे काका सांगायचे' असतं. इतिहास म्हणून गाणं लिहायचं असेल तर निदान एक तरी साक्षीदार गाठा.

चिमणराव_नव्हे

आमचे काकाच उतरायचे. आता ते वर उतरलेत, साक्षीला कसे आणू?

वऱ्हाडीठेचा

आमच्या शकुंतलेचं नाव निघालंच आहे तर बोलतो. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर. तीही २ फूट ६ इंचांचीच, तीही कापसासाठीच. १९२१ सालचं मँचेस्टरचं इंजिन एप्रिल १९९४ पर्यंत ओढत होतं. स्वातंत्र्यानंतर एवढी वर्षं होऊनही लाइन खासगी कंपनीच्या मालकीची राहिली, त्यावर अख्खं नाटक होईल. शिवाय नावातच गाणं आहे. 'शकुंतला' म्हटलं की दुष्यंत आला, विरह आला, अंगठी आली. तुमच्या 'बार्शी लाइट'मध्ये काय येतं? लाइटबिल.

कोरडीविहीर

ठेचा, लागलं बरं का. नावाची अडचण खरीच आहे. शकुंतलेवर तुम्ही धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा.

पानउतारा

मी एका जुन्या गिरणीवर गाणं केलं होतं, तेव्हाचा अनुभव. मीही आधी ग्रंथालयात गेले. तिथे मिळतं ते सगळं कंपनीच्या बाजूचं असतं: भांडवल किती, मैल किती, नफा किती. त्यात माणूस नसतो. असलाच तर 'अपघातात दोन मजूर दगावले' एवढाच. मग मी उलटं केलं. आधी म्हाताऱ्या माणसांकडे गेले आणि त्यांनी जे सांगितलं ते तपासायला नंतर कागद उघडले.

विचारायची पद्धत महत्त्वाची. 'तुम्हाला गाडीबद्दल काय आठवतं?' असं विचारलंत की समोरचा सभेत बोलल्यासारखा बोलतो, 'फार छान होती हो, गरिबांची गाडी होती.' त्याऐवजी विचारायचं, गाडीची शिट्टी झाली की घरात काय चालू असायचं? तिकीट कुठे ठेवायचात? डब्यात बसायला जागा नसली की कुठे बसायचात? प्रवासाला बांधून काय न्यायचात? अशा प्रश्नावर माणूस थांबतो, वर बघतो आणि मग खरं बोलतो.

सप्रमाण

पानउतारा यांच्याशी निम्मा सहमत. तोंडी आठवणी घ्याव्यातच, पण सालं आणि क्रम यांत माणसं हमखास घसरतात. त्यासाठी काही गोष्टी:

गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याचा सरकारी माहितीग्रंथ, उघडाल, पण सोलापूरचा जुना खंड १८८४ चा आहे. तुमची गाडी त्याच्यानंतर तेरा वर्षांनी आली, त्यामुळे त्यात ती नसणारच. तरी वाचाच, कारण गाडी यायच्या आधी बार्शीचा माल मुख्य लाइनच्या स्टेशनापर्यंत बैलगाड्यांनी कसा जायचा ते त्यात सापडेल. गाणं कदाचित त्या गाडीवानाचं असेल. स्वातंत्र्यानंतरच्या सुधारित आवृत्तीत रेल्वे आहे. हे खंड आता शासनाच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात.

मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, तिथे सार्वजनिक बांधकाम खात्याच्या जुन्या फायली बघता येतात. कंपनी लंडनची असल्याने बराच कागद ब्रिटिश लायब्ररीत. तेवढं जमणार नाही, सोडा. जुनं 'इंडियन ब्रॅडशॉ' म्हणजे रेल्वेचं वेळापत्रक मात्र कुठे मिळालं तर बघा. स्टेशनांची नावं क्रमाने आणि गाडीच्या वेळा. गाण्याला याहून जास्त काय लागतं?

बोरूबहाद्दर

ज्या स्टेशनच्या नावात 'रोड' असतो तिथून गाव चालत जाण्याइतकं जवळ नसतं, हा रेल्वेचा पहिला नियम. कुर्डूवाडीचं जुनं नाव 'बार्शी रोड'. बार्शी तिथून ३५ किलोमीटर. कॅलथ्रॉपसाहेब बहुतेक पहिल्यांदा या नावाला फसून उतरला असेल आणि मग वैतागून त्याने रेल्वेच बांधली.

फिशप्लेट

धागा आवडला. मी रेल्वेत रुळांच्या कामावर होतो, आता निवृत्त. दोन तांत्रिक गोष्टी सांगतो, त्यातून तुमच्या ढोलकीवाल्याला काहीतरी मिळेल.

कॅलथ्रॉपचं डोकं कुठे चाललं ते आधी बघा. त्याने इंजिन असो, मालडबा असो की प्रवाशांचा डबा, सगळ्यांच्या प्रत्येक आसावर जास्तीत जास्त ५ टन भार पडेल असं गणित बांधलं. आठ चाकांवर, बारा चाकांवर वजन वाटून टाकायचं. त्यामुळे हलके रूळ चालले, खर्च कमी झाला, आणि तरीही मालडबा भरपूर कापूस वाहायचा. लीड्सच्या किटसन कंपनीने त्याची इंजिनं केली. 'लाइट' हा शब्द इथून आलाय, वजनातून. ठेचा यांनी बिलाची काळजी करू नये.

आता ठेका. आज रूळ वितळवून लांबलचक जोडतात, त्यामुळे गाडीचा आवाज सपाट झालाय. पूर्वी दर रुळाला सांधा असायचा. बोगीच्या पुढच्या आसाचं चाक सांध्यावर पडलं की टक, मागच्याचं पडलं की टक. मग पुढचा सांधा येईपर्यंत गप्प. त्यावरून आम्ही घड्याळ न बघता वेग सांगायचो. हिशोब सोपा आहे: रुळाची लांबी मीटरमध्ये घ्या, तिला ३.६ ने गुणा, येतील तेवढे सेकंद सांधे मोजा. जितके सांधे, तितका ताशी किलोमीटर वेग. १३ मीटरचा रूळ असेल तर ४७ सेकंद. ३० फुटी जुना रूळ असेल तर ३३ सेकंद.

उलटं केलंत की लय मिळते. गाडी ताशी २४ ने चाललीय आणि रूळ ३० फुटी आहेत असं धरा. मिनिटाला साधारण ४४ सांधे. म्हणजे ४४ वेळा 'टकटक'. ढोलकीवाल्याला सांगा, इथून सुरू कर. तुमच्याकडचे रूळ नेमके किती लांबीचे होते ते एखादा शिल्लक असेल तर टेप लावून मोजा.

कोरडीविहीर

फिशप्लेट काका, साष्टांग नमस्कार. ढोलकीवाल्याला आत्ताच पाठवलं. त्याने उत्तर दिलंय, '४४? झोप येईल.'

बोरूबहाद्दर

बार्शी लेट आहे, झोप आलीच पाहिजे.

उनाडमांजर

अवांतर: या कॅलथ्रॉपबद्दल आणखी शोधा. त्याने पुढे इंग्लंडात स्टॅफर्डशरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड नावाची तशीच २ फूट ६ इंची रेल्वे केली, १९०४ मध्ये सुरू झाली, १९३४ मध्ये बंदही पडली. म्हणजे बार्शीचं शहाणपण तिकडे गेलं, नेहमीच्या उलट दिशेने. आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास हा माणूस विमानातून उडी मारायचं पॅराशूट बनवत होता, 'गार्डियन एंजल' नावाचं. शिवाय अरबी घोड्यांचा नाद. रेल्वे, घोडे, पॅराशूट! गाणं याच्यावर लिहा, बाकी सगळं सोडा.

चिमणराव_नव्हे

चालत्या गाडीतून माणूस चहा प्यायला उतरू शकतो अशी गाडी बांधणाऱ्याने उडी मारायचं पॅराशूट काढलं? काकांना उपयोग झाला नसता.

पानउतारा

खी खी. पण मला वाटतं साहेबावर गाणं केलंत तर ते साहेबाचंच होईल. त्याच्यावर लिहायला इंग्रजीत माणसं आहेत.

मांजरापार

मी लातूरकडची. बार्शीवाले गाडी आपलीच असल्यासारखं बोलतात, म्हणून लिहिते. आमच्यासाठी ती गाडी म्हणजे सरहद्द ओलांडणारी गोष्ट होती. बार्शी इंग्रजी मुलखात, आणि येडशी, ढोकी, मुरूड, लातूर सगळं निजामाच्या राज्यात. इकडे हाली सिक्का चालायचा, तिकडे कलदार रुपया. सरहद्दीवर करोडगिरी, म्हणजे जकात. आजोबा सांगायचे की बार्शीच्या बाजारातून कापड आणलं की आजी लुगड्यावर लुगडं नेसून डब्यात बसायची. अंगावरच्या कपड्याला जकात नाही! उतरताना ती चढतानापेक्षा दुप्पट जाड दिसायची म्हणे.

आणि १९४७-४८ मध्ये, सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाई होईपर्यंत, हीच सरहद्द काय होती ते इकडच्या घराघरात विचारा. माणसं जीव घेऊन बार्शीकडे निघाली होती. याच्याशिवाय बार्शी लाइटचा इतिहास लिहिणार असाल तर तो अर्ध्याच लाइनचा.

सप्रमाण

मांजरापार, हा प्रतिसाद धाग्यातला सर्वांत मोलाचा. लुगड्याची गोष्ट लिहून, रेकॉर्ड करून ठेवा. (आणि हो, इथे मी साक्षीदार मागणार नाही.)

चिमणराव_नव्हे

वा! काकांना साक्षीदार हवा आणि आजीला नको?

सप्रमाण

काकांनी हरभरा खाल्ला, आजीने जकात चुकवली. गुन्हा कबूल करणाऱ्याचं म्हणणं जास्त विश्वासार्ह असतं.

टाळकरी

पंढरपूर राहिलं की राव. आषाढीला या गाडीला जी गर्दी असायची ती आज दाखवून पटणार नाही. प्रवासी डबे पुरायचे नाहीत म्हणून मालडबे जोडायचे आणि त्यात वारकरी भरायचे, उभेच्या उभे. माझी पणजी अशी गेली होती. डब्याला खिडकी नाही, दार ओढून घेतलेलं, आत अंधार, आणि कोणीतरी टाळ काढला. तिचं म्हणणं असं की आवाज चारी बाजूंनी पत्र्यावर आपटून परत यायचा. देवळात जेवढा घुमतो त्याहून जास्त घुमायचा. तिकीट तिसऱ्या वर्गाचं आणि प्रवास बैलाचा, पण पणजी ते सांगताना तक्रार कधी करायची नाही. मी मात्र करतो. माणसांना पोत्यासारखं भरायचे आणि पैसे माणसाचे घ्यायचे.

आता चालीचं. तुम्ही गिटार वाजवा, काही हरकत नाही, पण छंद अभंगाचा घ्या. मोठा अभंग: चार चरण, अक्षरं सहा, सहा, सहा, चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक. तीन चरण सारखे धावतात आणि चौथा आखूड पडतो. गाडी स्टेशनात शिरताना जे होतं, तेच. पोवाड्याच्या वाटेला जाऊ नका. पोवाडा केलात की तुमची ती चाळीस पानं परत आत घुसतील.

कोरडीविहीर

टाळकरी, सहा-सहा-सहा-चार! हे वाचून तीन वेळा खोलीत फेऱ्या मारल्या. मोजून बघतो.

मीठभाकर

वाचनमात्र असते, पहिल्यांदाच लिहितेय.

आम्ही मुरूडहून बार्शीला मामाकडे जायचो. सत्तरीच्या दशकातली गोष्ट, तेव्हा कोळशाचंच इंजिन. आईची एकच सूचना असायची, डोकं बाहेर काढायचं नाही. मी काढायचेच. येडशीच्या घाटात इंजिन दम खायला लागलं की धूर खाली वाकून डब्यात यायचा, आणि त्यातला कोळशाचा कण बरोबर डोळ्यात. एकदा नाही, प्रत्येक खेपेला.

मग आई पदराचं टोक घ्यायची, पीळ द्यायची, त्याची वात करायची. जिभेवर ओली करायची. एका हाताने माझी पापणी उलटी धरून दुसऱ्या हाताने ती वात अशी फिरवायची, आणि वर म्हणायची, 'हलू नको, गाडी हलतीय तेवढं बास.' कण निघाला की तो पदरावर मला दाखवायची. खसखशीएवढा काळा ठिपका. एवढ्याशा ठिपक्याने एवढं रडवलं याचं मला दर वेळी नवल वाटायचं. लुगडं धुतलं तरी त्या टोकाला करडा डाग राहायचा.

गाण्यात बसेल की नाही माहीत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आठवलं.

पानउतारा

कोरडीविहीर, टिपणं बंद करा. गाणं आलं.

सप्रमाण

सुंदर आहे, वाद नाही. पण डोळ्यात कोळसा तर प्रत्येक कोळशाच्या गाडीत जायचा. हे बार्शी लाइटचं कसं? हरभऱ्याला जो आक्षेप घेतला तोच इथे घ्यायला हवा, नाहीतर मी पक्षपाती ठरेन.

पानउतारा

फरक आहे ना. हरभऱ्याची गोष्ट सगळीकडे सारखीच सांगितली जाते कारण ती कोणाचीच नाही. इथे घाट येडशीचा आहे, जाणं मुरूडहून बार्शीला आहे आणि 'गाडी हलतीय तेवढं बास' हे वाक्य दुसऱ्या कोणाच्या आईचं असूच शकत नाही.

फिशप्लेट

तांत्रिकदृष्ट्याही बरोबर आहे. चढावर इंजिनाला जोर लावावा लागतो, तेव्हा धुराड्यातला झोत वाढतो आणि जळते कण बाहेर फेकले जातात. सपाटीवर एवढं होत नाही. बाईंनी घाटाचं नाव बरोबर सांगितलंय. ब्रॉडगेज करताना तिथला मार्ग बदलला, उपग्रहाच्या नकाशावर जुना भराव शोधून बघा.

कोरडीविहीर

मीठभाकर ताई, तुमची परवानगी असेल तर हे घेतो. काल रात्री लिहिलं. अक्षरं मोजलीत, तरी टाळकरींनी तपासावं.

कुर्डूवाडीहून
सुटली सकाळी
धुराच्या ओंजळी
आकाशात

बाहेर ती मान
काढू नको बाई
कोळशाला नाही
दयामाया

पदराचं टोक
जिभेनं भिजलं
डोळ्यात फिरलं
हळुवार

कण तो निघाला
गाडीही निघाली
रुळांची राहिली
काळी माती

मध्ये आजीच्या दुहेरी लुगड्याचं एक कडवं येणार आहे, ते अजून जमत नाहीये. 'करोडगिरी' पाच अक्षरं खातं. साल एकही नाही! कॅलथ्रॉप नाही, २०२ मैल नाहीत. चाळीस पानांतलं गाण्यात काय आलं म्हणाल तर फक्त 'कुर्डूवाडी'.

मीठभाकर

परवानगी कसली. आईला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'सकाळची नव्हती आपली गाडी, आणि कुर्डूवाडीकडून कुठं, आपण मुरूडहून जायचो.' मग थोड्या वेळाने परत फोन केला आणि म्हणाली, 'असू दे.'

टाळकरी

अक्षरं चोख आहेत. 'हळुवार'पाशी गाणाऱ्याला श्वास मिळतो, तिथे टाळ वाजू देऊ नका.

बोरूबहाद्दर

'बार्शी रोडहून' हीही सहाच अक्षरं होतात. जुनं नाव घ्या, ऐतिहासिक वाटेल.

कोरडीविहीर

मोजलं होतं. पण गाणं ताईंच्या काळचं आहे, आणि आमच्या घरात कोणाच्याही तोंडात कुर्डूवाडीच. 'बार्शी रोड' म्हटलं की समोरचे लोक डांबरी रस्ता समजतील.

गावगाडा

उशिरा आलो. उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव, कुठेच कसं नाही? जिल्ह्याचं ठिकाण आहे, लोक रागावतील.

मांजरापार

कारण नॅरोगेज त्या शहरात जातच नव्हती. ब्रॉडगेज करताना मार्ग वळवून शहराला जोडला. आधीच्या पिढ्यांना गाडी येडशीला गाठावी लागायची. गाण्यात घातलंत तर सप्रमाण पहिल्या रांगेत बसून हात वर करतील.

सप्रमाण

दोन्ही हात.

फिशप्लेट

एक दुरुस्ती, रागवू नका. शेवटची ओळ. रूळ उचलले की खाली माती नसते राहत, खडी राहते. आयुष्य तिच्यावर काढलंय. आणि कोळशाच्या गाड्यांची खडी काजळी, राख, तेल पिऊन काळीच झालेली असायची. 'काळी खडी' म्हणा. चारच अक्षरं.

कोरडीविहीर

काका. तुम्ही इतके दिवस कुठे होता?

बदललं. 'रुळांची राहिली काळी खडी.' ताबडतोब बदललं.

वऱ्हाडीठेचा

बरं जमलंय. आता शकुंतलेचं घ्या हातात. टिपणं मी पाठवतो, चाळीस पानं आहेत.

कोरडीविहीर

ठेचा, पानं नकोत, आई पाठवा.

शेवटचा हालहवाल देऊन टाकतो. रूळ मोजायला ढोलकीवाला आणि मी दोन ठिकाणी गेलो. एका गोठ्याला जुने रूळ खांब म्हणून लावलेत, पण सगळे कापून लावलेले, लांबी काही कळेना. म्हणून काकांचा ३० फुटांचा हिशोबच धरला. पण ढोलकीवाल्याने चोरून ४४ चे ६० केले होते. काल तालमीला गल्लीतले एक आजोबा येऊन बसले, पूर्वी कुर्डूवाडीला इंजिनावर फायरमन होते. पूर्ण गाणं ऐकलं. शब्दांबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. फक्त काठीने फरशीवर दोनदा ठोकलं, थांबले, परत दोनदा ठोकलं आणि ढोलकीवाल्याला म्हणाले, "एवढी पळत नव्हती रे. कमी कर."